निजामाचाही फोटो काढला, दुष्काळातल्या माणसांचाही! राजा दीनदयाळ यांची गोष्ट

जालना : दर १७ सप्टेंबरला आपल्या गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतींत झेंडावंदन होतं. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली, हे चौथीतलं पोरगंही सांगतं. पण निजाम काही एकच नव्हता. ज्याच्याविरुद्ध मुक्तिसंग्राम झाला तो सातवा, मीर उस्मान अली खान. त्याचे वडील सहावे निजाम, मीर महबूब अली खान. या सहाव्या निजामाचं नाव टाकून मोबाइलवर फोटो शोधले, तर मारलेल्या वाघांजवळ शिकारीच्या कपड्यात उभा असलेला एक तरुण माणूस दिसतो. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी फोटो असा स्वच्छ की जणू परवा काढलाय.

असे फोटो काढणाऱ्या माणसाचं नाव राजा दीनदयाळ. त्या काळी जालना, अंबड, भोकरदन हा सगळा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि औरंगाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे हा माणूस आपल्याच राज्याचा दरबारी फोटोग्राफर होता. व्हाइसरॉय, महाराजे, नवाब, बेगमा असे मोठे लोक त्याच्या कॅमेऱ्यापुढे बसले. आणि त्याच्याच कंपनीच्या काचांवर आपल्या भागातल्या दुष्काळातली, अंगावर धड कपडा नसलेली माणसंही उमटली. ती गोष्ट पुढे येईलच.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, उत्तर प्रदेशात मेरठजवळच्या सरधना गावचा. घर जैन, धंदा जवाहिऱ्याचा. हिरे-माणकं पारखणाऱ्या घरातलं हे पोरगं वडिलोपार्जित धंद्यात न जाता रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला गेलं. ओव्हरसियर, नकाशे काढणारे, मोजणी करणारे तयार करणारं ते त्या काळचं नावाजलेलं कॉलेज. १८६६ साली शिक्षण आटोपलं आणि इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी लागली. काम होतं नकाशे काढायचं आणि एस्टिमेट करायचं. पुलाला किती दगड, इमारतीला किती चुना, असला हिशेब.

इंदूर म्हणजे होळकरांचं संस्थान. अंबडच्या लोकांना होळकर हे नाव काही नवीन नाही, अहिल्यादेवींचं नाव तिथे आजही मंदिर-बारवांच्या निमित्तानं निघतंच. दीनदयाळ इंदूरला होते तेव्हा गादीवर दुसरे तुकोजीराव होळकर होते. नोकरी करता करता १८७४ च्या सुमारास दीनदयाळ यांना फोटोचा नाद लागला. आधी नुसता छंद. पण तुकोजीरावांनी पाठ थोपटली, आणि मध्य हिंदुस्थानातला इंग्रज सरकारचा सगळ्यात मोठा अधिकारी सर हेन्री डेली यानंही त्यांना पुढे आणलं. पुढच्याच वर्षी, १८७५-७६ मध्ये, इंग्लंडचा युवराज प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधी दीनदयाळ यांना मिळाली. कॅमेरा हातात घेऊन जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली, आणि समोर राणी व्हिक्टोरियाचा मुलगा!

आता फोटो काढणं म्हणजे तेव्हा काय होतं, हे थोडं नीट समजून घ्यायला पाहिजे. नाहीतर या माणसाची हुशारी कळायची नाही.

फिल्म नव्हती. फोटो काचेवर निघायचा. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं, मग अंधारात ती काच चांदीच्या क्षारात म्हणजे सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. काच वाळली की खेळ खलास. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याच्यामागे काळ्या कापडाचा तंबू, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे हंडे आणि काचांच्या पेट्या. बैलगाडीच्या रस्त्यानं पेटी हादरली की आतल्या काचांचं काय होईल, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात तर औषध काचेवर पसरेपर्यंतच उडून जायचं.

आणि फोटो मोठा करायची सोयही सहज नव्हती. जेवढा फोटो पाहिजे तेवढीच मोठी काच. फोटोची प्रत काढायची तर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद काचेखाली ठेवून उन्हात धरायचा. माणूस बसला की बसला. काही सेकंद हलायचं नाही, पापणीही शक्य तो मिटायची नाही. डोकं स्थिर राहावं म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत, तो फोटोत दिसणार नाही अशा बेतानं. जुन्या फोटोत कुणीच हसत का नाही, याचं अर्धं उत्तर या टेकूत आहे.

१८८० नंतर कोरड्या काचा मिळायला लागल्या. त्या विलायतेहून तयार येत, आधीपासून भरून ठेवता येत आणि फोटो घेतल्यावर सावकाश धुता येत. तंबूची कटकट गेली. दीनदयाळ यांनी ही नवी पद्धत उचलली आणि त्यांचं काम झपाट्यानं वाढलं. मोठमोठे घोळके, चालती मिरवणूक, शिकारीचा तळ, असं सगळं ते कॅमेऱ्यात धरू लागले.

डेलीनंतर सर लेपेल ग्रिफिन हा इंग्रज अधिकारी आला. त्याच्याबरोबर दीनदयाळ मध्य हिंदुस्थानभर फिरले. बुंदेलखंड, ग्वाल्हेर, ओरछा. किल्ले, देवळं, राजवाडे टिपले. त्यातूनच १८८६ साली ग्रिफिनचं मध्य हिंदुस्थानातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं पुस्तक निघालं, फोटो दीनदयाळ यांचे. जो माणूस एस्टिमेट करताना दगडाचा हिशेब मांडत होता, तोच आता त्या दगडावर ऊन कुठल्या वेळी कसं पडतं ते बघत होता. त्यांच्या इमारतींच्या फोटोत रेषा कुठे वाकडी दिसत नाही, खांब सरळ उभे असतात. रुडकीचं शिक्षण इथं कामाला आलं असं म्हणायला हरकत नाही.

पण त्यांचं खरं नाव झालं ते माणसांच्या फोटोंमुळे.

राजा-महाराजाचा फोटो काढणं हे नुसतं कॅमेऱ्याचं काम नाही. मधल्या खुर्चीत कोण बसणार, उजवीकडे कोण, डावीकडे कोण, मागे उभं कुणी राहायचं, खाली गालिचावर कुणी बसायचं, यावरून तेव्हा रुसवेफुगवे होत. आजही गावातल्या सत्काराच्या फोटोत पुढच्या रांगेवरून काय होतं ते सगळ्यांना माहीतच आहे. तिथे तर संस्थानाच्या मानाचा प्रश्न. इंग्रज साहेब बसलाय आणि महाराज उभे, असा फोटो गेला तर? दीनदयाळ यांच्या समूहफोटोंत ही मांडणी बघण्यासारखी आहे. खुर्च्यांची रांग, तलवारींचा कोन, चौरीवाला, हुक्केवाला, हत्तीचा माहूतसुद्धा आपापल्या जागी. गर्दी असूनही कोण मोठा आहे हे पहिल्या नजरेत कळतं, आणि तरीही कडेला उभ्या असलेल्या नोकराचा चेहरा पुसट झालेला नसतो. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

१८८५ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचे फोटोग्राफर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे लॅन्सडाउन, एल्गिन, कर्झन अशा व्हाइसरॉयांपर्यंत हे नातं टिकलं. याच सुमारास त्यांचा हैदराबादशी संबंध आला. महबूब अली खान तेव्हा विशीतही नव्हते. १८६६ चा जन्म, म्हणजे दीनदयाळ नोकरीला लागले त्या साली जन्मलेले. १८८४ मध्ये त्यांच्या हाती राज्याचा कारभार आला होता. हौशी माणूस, कपड्यांचा तर इतका शौक की हैदराबादच्या पुरानी हवेलीतली त्यांची लांबच लांब कपाटांची खोली आजही लोक बघायला जातात. साप चावलेल्या माणसाला त्यांचं नाव घेतलं की उतार पडतो, अशीही त्या वेळी लोकांत समजूत होती. खरंखोटं देव जाणे, पण प्रजेत या निजामाबद्दल माया होती एवढं त्यावरून कळतं.

दीनदयाळ यांनी सरकारी नोकरीतून पेन्शन घेतली आणि पूर्ण वेळ फोटोच्या धंद्यात उतरले. चाळिशी ओलांडलेला, बायकापोरांचा माणूस पक्की सरकारी नोकरी सोडतो, हे आजच्या काळातही घरच्यांना पटत नाही. पण सिकंदराबादचा स्टुडिओ जोरात चालला. निजामाच्या वाड्यातले समारंभ, पाहुण्यांच्या मेजवान्या, फौजेची कवायत, फलकनुमा पॅलेसच्या आतले झुंबरांचे दिवाणखाने, असं सगळं त्यांनी टिपून ठेवलं. आज फलकनुमाचं मोठं हॉटेल झालंय. ते नवंकोरं असताना आतून कसं दिसत होतं, हे बघायचं तर दीनदयाळ यांचेच फोटो बघावे लागतात.

१८९४ साली निजामानं त्यांना किताब दिला : राजा बहादूर मुसव्विर जंग. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा, जंग म्हणजे लढाई. लढवय्याला द्यायचा किताब एका फोटोवाल्याला मिळाला. तेव्हापासून लाला दीनदयाळ हे राजा दीनदयाळ झाले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचे फोटो मांडले गेले होते. स्वामी विवेकानंदांचं भाषण गाजलं ते हेच शिकागो, हेच १८९३ साल.

स्टुडिओ चालवताना त्यांना एक अडचण रोज दिसत असणार. घरातल्या पुरुषांचे फोटो निघत होते, बायकांचे नाही. पडदा पाळणाऱ्या घरातली बाई परक्या पुरुषासमोर तोंड उघडं ठेवून बसणार कशी? त्यावर दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तो चालवायला मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंना नेमलं. बाहेरच्याची नजर पडणार नाही असा बंदोबस्त. डोलीतून, पडद्याच्या गाडीतून बायका येत, आत गेल्यावर समोर कॅमेऱ्यामागेही बाईच. आज ब्युटी पार्लरवर फक्त महिलांसाठी अशी पाटी दिसली तर कुणी मान वळवत नाही, पण १८९२ मध्ये ही पाटी फोटोच्या दुकानाला लागली होती. अर्थात तिथे जाणाऱ्या बायका बड्या घरच्या. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला ना पडदा परवडत होता, ना फोटो.

१८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. १८९७ साली खुद्द राणी व्हिक्टोरियाच्या फोटोग्राफरचा मान मिळाला. आता त्यांच्यापुढे जायला वरचा दरवाजाच उरला नव्हता.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध इथेच येतो. निजामाच्या मुलखातली प्रेक्षणीय स्थळं त्यांनी टिपली, त्यात वेरूळचं कैलास लेणं, दौलताबादचा किल्ला, औरंगाबादचा बीबी का मकबरा आहे. १८९२ चा निजामाच्या मुलखातल्या दृश्यांचा त्यांचा अल्बम प्रसिद्ध आहे. तेव्हा मनमाड-औरंगाबाद-जालना-परतूर ही रेल्वे नव्हती, ती १९०० च्या सुमारास झाली. म्हणजे काचांच्या पेट्यांचा शेवटचा प्रवास गाडीरस्त्यानंच झाला असणार. वेरूळच्या फोटोत आज दिसणारं कुंपण, तिकीटखिडकी, रेलिंग काही नाही. नुसता डोंगर, लेणं आणि एखाददुसरा माणूस, तोही लेण्याची उंची कळावी म्हणून उभा केलेला वाटतो.

मग १८९९ उजाडलं. पाऊस गेला. खरीप गेलं, रब्बीही गेली. १८९९-१९०० चा तो दुष्काळ हिंदुस्थानच्या मोठ्या भागावर आला, मराठवाडाही त्यात होरपळला. जनावरं चाऱ्यावाचून मेली, माणसं गाव सोडून निघाली. निजाम सरकारनं मदतकामं काढली. खडी फोडायची, माती उकरायची, त्यावर मजुरी. ज्याच्यानं काम होत नाही त्याला शिजवलेलं अन्न. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी आणि मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून घराघरात आहेत. त्यांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांनी तेच केलं होतं, फक्त मालक निजाम होता.

निजाम सरकारनं केलेल्या लोकोपयोगी कामांचे फोटो काढायचं काम १८९५ ते १९०२ या काळात दीनदयाळ यांच्या कंपनीकडे होतं. त्यातच औरंगाबाद भागातल्या दुष्काळी मदतीचे फोटो आहेत. लॉर्ड कर्झनच्या संग्रहातून ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पोचले.

हे फोटो बघताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ते सरकारनं काढून घेतलेले आहेत. सरकार किती चांगलं काम करतंय हे दाखवायला. म्हणून रांगा शिस्तीत आहेत, अधिकारी जागेवर आहे. जी माणसं मदतीच्या छावणीपर्यंत पोचलीच नाहीत, वाटेतच पडली, ती या फोटोंत नाहीत, असणारही नाहीत. आजही अधिकारी टँकरजवळ उभं राहून फोटो काढतात, तो फोटो कोरड्या विहिरीचा नसतो.

पण कॅमेऱ्याला खोटं बोलायला एका मर्यादेपर्यंतच लावता येतं. रांग सरळ करता येते, बरगड्या झाकता येत नाहीत. समूहफोटोत कडेच्या नोकराचाही चेहरा स्वच्छ यावा अशी ज्या कंपनीची कामाची रीत, तिनं इथंही हात आखडता घेतला नाही. मोठी काच, स्वच्छ उजेड. निजामाच्या अंगरख्याची कड जितकी रेखीव येते, तितकीच भुकेल्या पोराच्या हाताची काडी रेखीव येते. फरक एवढाच की निजामाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्या पोराचं कुणालाच नाही. दरबाराच्या फोटोखाली पहिल्या खुर्चीपासून नावं किताबांसकट लिहिली जात, दुष्काळाच्या फोटोला मथळा जागेचा आणि कामाचा.

आणि थोडं पुढे बघा. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन बायकोसह निजामाचा पाहुणा म्हणून शिकारीला आला. वारंगळकडच्या नेकोंड्याला तळ पडला. वाघ मारला गेला, आणि लॉर्ड व लेडी कर्झन यांचा मेलेल्या वाघाबरोबरचा फोटो दीनदयाळ यांच्या कंपनीनं काढला. तो फोटो जगभर गाजला, आजही पुस्तकांत छापला जातो. दुष्काळ हटून दोन वर्षं झाली होती. राज्य तेच, कंपनी तीच. दीनदयाळ यांच्या नावानं आज जी पुस्तकं निघतात त्यांत वाघ, हत्ती, झुंबरं भरपूर असतात. आपल्या भागातल्या दुष्काळाची पानं शोधावी लागतात.

म्हणून दीनदयाळ यांना दोष द्यायचा का? पोट भरायला धंदा करणारा माणूस गिऱ्हाईक सांगेल तोच फोटो काढणार. बड्यांच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्यात तर जास्तच. निजामाविरुद्ध किंवा इंग्रजाविरुद्ध त्यांनी कॅमेरा रोखला असं कुठं दिसत नाही. ते बंडखोर नव्हते, दरबारी होते. पण सरकारचं काम म्हणून का होईना, त्यांच्या कंपनीचा कॅमेरा दुष्काळी छावणीपर्यंत गेला, आणि तिथंही काम तेवढ्याच निगुतीनं झालं. मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या साध्या माणसांचे चेहरे आज फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतात, त्यातलं हे एक.

१९०३ चा दिल्ली दरबारही त्यांच्या कंपनीनं टिपला. त्यानंतर मात्र घराला दृष्ट लागल्यासारखं झालं. त्यांचे दोन मुलगे, ज्ञानचंद आणि धरमचंद, दोघंही धंद्यात होते. त्यातला धरमचंद १९०४ मध्ये गेला. मुलामागून वर्षभरातच, ५ जुलै १९०५ रोजी राजा दीनदयाळ यांचंही निधन झालं. वय एकसष्टच्या आसपास. ज्ञानचंद यांनी धंदा १९१९ पर्यंत ओढला.

काचेच्या निगेटिव्ह वंशजांकडे राहिल्या. काच ती, किती फुटल्या आणि किती गेल्या याचा हिशेब नाही. उरलेल्यांपैकी २८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं विकत घेतल्या, आज त्या तिथेच जपून ठेवल्या आहेत. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये टपाल खात्यानं राजा दीनदयाळ यांच्या नावानं तिकीट काढलं. किंमत पाच रुपये.